दादाच्या साठीला 'द वॉल'वर काय बोलू?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक ५२ वर्षांचे, पुण्यात नोकरी, मूळ घर सांगलीचं. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठ्या भावाची पुढच्या महिन्यात साठी आहे. घरच्यांनी दादाच्या मित्रांना बोलावून गाण्यांची संध्याकाळ करायचं ठरवलंय. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या 'द वॉल' अल्बममधली गाणी लावायची आणि धाकट्या भावाने त्या अल्बमवर पंधरा मिनिटं बोलायचं, ही दादाचीच इच्छा. १९८२ मध्ये दादाने कॉलेजातल्या एका मित्राकडच्या दोन एलपी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून आणल्या होत्या. 'बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.' पत्रलेखकांचा कान त्या कॅसेटवर तयार झाला. पण आता हा अल्बम त्यांना आवडत नाही. रडगाणं वाटतं, बायकांच्या माथी सगळा दोष मारलाय असं वाटतं, एलपीची चौथी बाजू नाटकी वाटते, मिनिट-दीड मिनिटाची गाणी नुसती भरती वाटतात, आणि शाळेचं गाणं ('अनदर ब्रिक इन द वॉल') ऐकून ऐकून विटलंय. त्यापेक्षा याच बँडचा १९७५ चा 'विश यू वेअर हिअर' कितीतरी सरस, असं त्यांचं मत. गेल्या दिवाळीत ते हे दादासमोर बोलून गेले. "तुला तो कधी कळलाच नाही," एवढंच म्हणून दादा ताटावरून उठला. तेव्हापासून बोलणं आहे, पण कामापुरतं. त्यांचा प्रश्न असा: "खोटं कौतुक करू, काही कारण काढून टाळू, की मनातलं बोलून त्याचा दिवस खराब करू? आणि हा अल्बम खरंच थोर आहे, की एका वयात आपण सगळे फसलो?"

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं त्या रात्री मी 'द वॉल' सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. जवळपास ८१ मिनिटं, मधे न उठता. तुमच्या काही तक्रारी पटल्या, काही अजिबात पटल्या नाहीत. दादाकडे वळण्याआधी अल्बमबद्दलच बोलते, कारण तुमच्या दोघांच्या भांडणात अल्बमबद्दल बोलणं झालेलंच दिसत नाही. तुम्ही म्हणालात रडगाणं, ते म्हणाले कळलाच नाही, आणि पानावरचं जेवण तसंच राहिलं.

रडगाण्याचा आरोप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. अल्बमची गोष्ट अशी: पिंक नावाचा रॉक गायक. वडील युद्धात गेलेले, आई क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, शाळेत मास्तर छळतात, पुढे बायको दुसऱ्याकडे जाते, आणि प्रत्येक दुःखाची वीट रचत हा माणूस स्वतःला भिंतीआड कोंडून घेतो. एवढीच गोष्ट ऐकली तर हॉटेलच्या खोलीत बसलेल्या श्रीमंत माणसाचं गाऱ्हाणं वाटणारच. पण हा अल्बम निघाला कुठून ते बघा. ६ जुलै १९७७, माँट्रिऑलचं ऑलिंपिक स्टेडियम, दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. समोर प्रचंड गर्दी, गोंगाट, आणि पुढे रेटत आलेल्या एका चाहत्यावर बँडचे गायक-गीतकार रॉजर वॉटर्स थुंकले. नंतर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत सरळ एक भिंतच उभी करावी, ही कल्पना त्या रात्रीतून आली. म्हणजे या गोष्टीच्या मुळाशी वॉटर्सनी सोसलेलं जितकं आहे, तितकंच त्यांच्या हातून घडलेलं आहे.

ते लक्षात ठेवून चौथी बाजू ऐका. भिंतीआड गेलेला पिंक मंचावर परततो तो हुकूमशहा होऊन. समोरच्या गर्दीतून कोण कुठल्या जातकुळीचा ते हेरतो आणि त्यांना भिंतीशी उभं करायला सांगतो. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला वाजलेलीच चाल इथे परत येते, पण आता तिच्यामागे जमाव ओरडत असतो. ज्याची आपण तीन बाजू कीव केली, त्याच्या तोंडून हे ऐकावं लागतं. नुसतं रडगाणं असतं तर गाणाऱ्याने स्वतःला या जागी आणून उभं केलं नसतं. तुमचा पहिला मुद्दा म्हणून मला अपुरा वाटतो. तीन बाजू तुम्ही ऐकल्यात आणि चौथीला 'नाटकी' म्हणून सोडून दिलंत, असं तर झालं नाही ना?

नाटकीपणाची तक्रार मात्र मला मान्य आहे. 'द ट्रायल'मध्ये मास्तर, बायको, आई एकेक करून साक्षीला येतात, न्यायाधीश निकाल देतो, आणि हे सगळं कॅबरेच्या थाटात, आवाज काढून काढून, ऑर्केस्ट्राच्या साथीने. पाच मिनिटं हे कानांवर फार येतं. कारणही समजण्यासारखं आहे. हे काम पहिल्यापासून तबकडी, रंगमंच आणि चित्रपट अशा तिन्ही रूपांत डोक्यात होतं. १९८० आणि ८१ मध्ये चार शहरांत मिळून या प्रयोगाचे ३१ कार्यक्रम झाले. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात पुठ्ठ्याच्या प्रचंड विटा रचत मंचावर खरोखरच भिंत उभी केली जायची, आणि मध्यंतरात प्रेक्षक तिच्यासमोर बसलेले असायचे. व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांनी काढलेले मास्तर आणि आई भल्यामोठ्या बाहुल्यांच्या रूपात वर झुलायचे. तिथे 'द ट्रायल'ला अर्थ होता, कारण शेवटी ती भिंत कोसळायची. घरी स्पीकरसमोर बसलेल्याला कोसळण्याचा नुसता आवाज मिळतो. ही तबकडीची खरी उणीव आहे, आणि ती सांगताना तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही.

बायकांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त लागलं, कारण बाई म्हणून हा अल्बम ऐकताना मीही तिथेच अडते. दुसऱ्या बाजूवरचं 'डोन्ट लीव्ह मी नाउ' घ्या. चार मिनिटं तो कण्हतो, सोडून जाऊ नकोस म्हणतो, आणि त्याच दमात मित्रांसमोर तिची चिरफाड करण्याची, तिला बडवून काढण्याची भाषा करतो. वॉटर्सना तो माणूस किळसवाणाच दाखवायचा आहे, हे मला कळतं. तरी त्या घरातली बाई आपल्याला भेटत नाही ती नाहीच. आईच्या बाबतीत तसं नाही. 'मदर' हे गाणं सवाल-जवाबाचं आहे: मुलाचे प्रश्न वॉटर्सच्या आवाजात, आईची उत्तरं बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांच्या मऊ आवाजात. त्या मऊपणामुळे आई कैदाशीण वाटत नाही. युद्धात नवरा गमावलेली, हातातलं एकच मूल गच्च धरून बसलेली बाई वाटते. त्यातल्या मात्रा मधेच कमी-जास्त होतात, इतक्या की ड्रम्स वाजवायला बँडचे ड्रमर निक मेसन यांच्याऐवजी बाहेरून जेफ पोर्कारो यांना बोलावलं गेलं. आई बोलत असताना ठेका पायाखालून सरकल्यासारखा का वाटतो, ते एकदा त्या नजरेने ऐका.

आणि एक बाई आणखी आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 'यंग लस्ट'च्या शेवटी फोन लागतो. अमेरिकेतली टेलिफोन ऑपरेटर इंग्लंडला कॉल जोडून द्यायचा प्रयत्न करते, पलीकडे कुणी पुरुष उचलतो आणि ठेवून देतो. ती बाई नटी नव्हे, खरीच ऑपरेटर होती. हे ध्वनिमुद्रण कशासाठी चाललंय हे तिला माहीतच नव्हतं. पलीकडे पुरुष आहे आणि तो फोन घेत नाही, हे कळताच तिच्या आवाजात जो गोंधळ येतो, तो अस्सल आहे. एक अनोळखी बाई एका अनोळखी माणसासाठी ओशाळते. संपूर्ण अल्बममध्ये पिंकला कुणी साधी माणुसकी दाखवली असेल तर ती तिने. तुम्ही बोलाल तेव्हा बायकांचा मुद्दा वगळू नका, पण या दोन जागाही त्यात येऊ द्या. आरोप पुसला जाणार नाही, पण तो नेमका होईल.

छोट्या गाण्यांच्या भरतीबद्दल तुमच्याशी माझं थेट भांडण आहे. कीर्तनात आख्यान रंगात आलं की बुवा मधेच दोन ओळींचं पद घेतात आणि पुढे सरकतात. पद लहान झालं अशी तक्रार कुणी करत नाही. 'व्हेरा' जेमतेम दीड मिनिटाचं आहे. व्हेरा लिन या दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज गायिका. सैनिकांना निरोप देताना 'आपण पुन्हा भेटू' असं सांगणारं त्यांचं गाणं १९३९ चं, त्या काळी घराघरांत वाजलेलं. आता ज्याचे वडील परतलेच नाहीत असा मुलगा मोठा होऊन विचारतो, व्हेरा लिनचं काय झालं, कुणाला आठवतात का त्या? दीड मिनिट पुरे आहे. लगेच मागून पुढच्या गाण्याची रणदुंदुभी आणि समूहाचा आवाज येतो, मुलांना घरी आणा म्हणून, आणि तो ओसरता ओसरता दारावर टकटक होते आणि 'कम्फर्टेबली नम' सुरू होतं. ही तीन गाणी तोडून ऐकली तर पहिली दोन भरतीचीच वाटणार. तुम्ही लिहिलंय की हल्ली गाडीत, ऑफिसला जाताना, फोनवरून जमेल तसा ऐकता. एक गाणं सिग्नलला, मग एक फोन, मग मधलंच तिसरं. या अल्बममध्ये एका गाण्याचा शेवट म्हणजे पुढच्याची सुरुवात असते. पहिल्या बाजूच्या आरंभी एक अर्धवट वाक्य कानावर पडतं, त्याचा उरलेला अर्धा थेट चौथ्या बाजूच्या शेवटी आहे. गाडीत तुम्ही ऐकता ती या अल्बममधली सुटी गाणी आहेत.

शाळेच्या गाण्याचा वीट मलाही येतो, खोटं कशाला बोलू. गॅदरिंग, हॉटेल, रिंगटोन, सगळीकडे वाजलंय. पण हे आठवा: मुळात त्याचं एकच कडवं होतं. निर्माते बॉब एझ्रिन यांनी ठेका नाचता येईल असा करायला लावला, आणि लंडनमधल्या इझलिंग्टन ग्रीन शाळेच्या तेवीस मुलांकडून तेच कडवं पुन्हा गाऊन घेतलं. त्या मुलांचे उच्चार साध्या कामगार वस्तीतले आहेत, गळे तालमीत घासलेले नाहीत, आणि म्हणून ते खरं वाटतं. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत काळ्या विद्यार्थ्यांनी निकृष्ट शिक्षणाविरुद्धच्या आंदोलनात ते गाणं उचललं आणि तिथल्या वर्णद्वेषी सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही साठीच्या संध्याकाळी ते लावू नका असंच सांगेन. सगळे टाळ्या धरतील आणि बाकीचं ऐकायचं राहून जाईल.

आता 'विश यू वेअर हिअर'. तो जास्त जुळून आलेला अल्बम आहे, याबद्दल माझी तुमच्याशी सहमती आहे. चौघं एकमेकांचं ऐकत वाजवतात हे त्यात कळतं, आणि रिक राइट यांचे कीबोर्ड्स त्याचा श्वास आहेत. 'द वॉल'च्या वेळी तो श्वासच गेला होता. ध्वनिमुद्रण चालू असताना, १९७९ मध्ये, राइटना बँडमधून जायला लावलं गेलं, आणि पुढच्या कार्यक्रमांत ते पगारी वादक म्हणून वाजवायला आले. एका माणसाचं म्हणणं बाकीच्यांनी वाजवून द्यायचं, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. पण सगळीकडे नाही, आणि तुमच्या भाषणाचा गाभा इथेच आहे असं मला वाटतं.

'कम्फर्टेबली नम'ची चाल गिल्मोरची, शब्द वॉटर्सचे. १९७७ मध्ये कार्यक्रमाआधी पोटदुखीवर डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वॉटर्सना मंचावर उभं केलं होतं, ती बधिरता त्या शब्दांत आहे. कडवी वॉटर्स गातात, डॉक्टर होऊन, कोरडेपणाने. ध्रुवपद गिल्मोर गातात, आणि एकदम आभाळ उघडतं. गाणं कसं वाजवायचं यावरून दोघांचं जोरदार वाजलं. वॉटर्स आणि एझ्रिन यांना भरगच्च ऑर्केस्ट्रा हवा होता, गिल्मोरना रांगडं, उघडं वादन हवं होतं. शेवटी तोडगा निघाला: गाण्याचा बराचसा भाग ऑर्केस्ट्राचा ठेवला आणि शेवटच्या गिटार सोलोचा भाग गिल्मोरच्या पसंतीचा घेतला. तो सोलोही एका दमात आलेला नाही. गिल्मोरनी पाच-सहा वेळा वाजवलं, कुठल्या खेपेतली कुठली ओळ जमली ते कागदावर टिपलं आणि त्यातून सांधून एक सोलो बांधला. ऐकताना सांधा दिसत नाही. या गाण्याची ताकद मला त्या न मिटलेल्या भांडणात दिसते. वॉटर्स एकटेच ठरवणार असते तर ते 'द ट्रायल'सारखं झालं असतं, आणि गिल्मोर एकटे असते तर नुसतं सुरेल. 'रन लाइक हेल' आणि 'यंग लस्ट'मध्येही हे दोघं मिळून आहेत. तुमची आवडती-नावडती गाणी या हिशेबाने लावून बघा. तुमचा कान दादाच्या कानापासून इतका लांब गेलेला नाही असं निघेल, हा माझा अंदाज.

तर थोर की फसवणूक? मला विचाराल तर तिसरी बाजू, 'हे यू'पासून 'कम्फर्टेबली नम'पर्यंतची वीस मिनिटं, रॉक संगीतात जे काही उत्तम झालंय त्यात बसते. मधलं 'नोबडी होम' ऐका: हॉटेलच्या खोलीतला एक माणूस, कवितांची छोटी वही, टूथब्रश-कंगव्याची पिशवी असा आपल्याकडच्या चीजवस्तूंचा हिशेब मांडत बसतो, आणि फोन करावा तर घरी कुणी नसतं. पहिली बाजू जवळपास तितकीच पक्की आहे. दुसरी ढेपाळते, चौथी कानांपेक्षा डोळ्यांसाठी आहे. सव्वीस गाण्यांच्या कामाला एका शब्दात पास-नापास करायला मी तयार नाही, तुम्हीही होऊ नका. आणि फसलो म्हणू नका. दहाव्या वर्षी तुम्हाला इंग्रजी किती येत होतं? तुम्ही ऐकलं ते हेलिकॉप्टर, बाळाचं रडणं, मास्तरांचं खेकसणं, फोनची घंटी. कान तयार झाला तो त्यावर. त्या मुलाने काहीही चुकीचं ऐकलेलं नाही.

आता दादा.

पत्रात तुम्ही एक वाक्य ओझरतं लिहून पुढे गेलात: बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दादा सतरा-अठराचे असतील, तुम्ही नऊ-दहाचे. रॉजर वॉटर्स यांचे वडील, एरिक फ्लेचर वॉटर्स, १८ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत अँझिओच्या लढाईत पडले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचे होते. या अल्बमची पहिली वीट तीच आहे. बापाच्या जागी एक फोटो, एवढीच आठवण असलेल्या मुलाची. तुमच्या दादांनी ती कॅसेट नेमक्या त्या वर्षी घरी आणली, आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून लावली. तुम्ही असंही लिहिलंय की २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आले तेव्हा तुम्ही दोघं गेला होतात, आणि सगळ्यांना उठून उभं करणारी गाणी सोडून दादा 'व्हेरा'ला रडले, ज्याचं तुम्हाला तेव्हा नवल वाटलं होतं.

मी इथे बसून दादांच्या मनात काय आहे ते सांगू शकत नाही. पण "तुला तो कधी कळलाच नाही" हे वाक्य मला गिटारबद्दलचं वाटत नाही. तुम्ही त्यांच्यापुढे रसिक म्हणून बोललात: लांबलाय, नाटकी आहे, रडका आहे. त्यांनी ते बहुधा त्या खोलीत ऐकलं, जिथे १९८२ मध्ये दोन मुलं टेपरेकॉर्डरसमोर बसली होती. तुमच्यासाठी त्या घरात एक दादा तरी होता. त्यांच्यासाठी कोण होतं?

म्हणजे तुम्ही आता तोंड मिटून कौतुक करावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. अल्बम कसा आहे हा एक प्रश्न, तो आपल्याला कशासाठी लागला हा दुसरा. दोन्हींची उत्तरं खरी देता येतात आणि एकाने दुसरं खोटं पडत नाही. तुम्ही दिवाळीत फक्त पहिल्याचं उत्तर दिलंत. दादांनी विचारला होता, किंवा त्यांना विचारायचा होता, तो दुसरा असावा.

खोटं कौतुक करू नका, कारण ज्यांनी तुमचा कान घडवला त्यांना तुमचा खोटा सूर पहिल्या मिनिटात ओळखू येईल. टाळूही नका. ऐनवेळी सर्दी झाली, मीटिंग आली, हे दादांना दिवाळीच्या वाक्याचा दुसरा भाग वाटेल. आणि मनातलं सगळं थेट माइकवर, पाहुण्यांसमोर, पहिल्यांदाच, हेही नको. साठीच्या दिवशी माणूस मित्रांच्या घोळक्यात असतो, तिथे त्याला उत्तर देता येत नाही. हे बोलणं त्याआधी व्हायला हवं, दोघांतच, आणि व्हॉट्सअॅपवर नको. या किंवा पुढच्या रविवारी सांगलीला जा. वहिनींना आधी फोन करून सांगा, म्हणजे त्या दुपारी दुसरं कुणी येणार नाही. दिवाळीचा विषय तुम्हीच काढा: "मी रडगाणं म्हणालो ते मला परत घ्यायचंय, बाकीचं नाही घ्यायचं, पण तुझ्याबरोबर एकदा पूर्ण ऐकायचंय." माफीची लांबण लावू नका. मग लावा. ती कॅसेट असेल आणि चालत असेल तर उत्तमच. दोन्ही एलपी मिळून ८१ मिनिटं, म्हणजे दादांनी एका बाजूला एक अशा पूर्ण भरल्या असणार, आणि पहिली बाजू 'गुडबाय क्रुएल वर्ल्ड'वर, भिंत पूर्ण होते तिथे संपत असणार. ती उलटायला उठाल तेव्हा चहा टाका आणि बोला.

काय बोलायचं? दादांना विचारा, तू कुठलं गाणं पुढे ढकलतोस? खूप जुन्या प्रेमातही माणूस काही गाणी ढकलतोच. चाळीस वर्षांत त्यांचंही मत एका जागी थांबलेलं नसेल, आणि तुम्ही १९८२ च्या दादाशी भांडत असाल. मग विचारा, पहिल्यांदा ऐकलास तेव्हा घरात काय चाललं होतं? हे विचारून गप्प बसा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल, आणि आलंच नाही तरी तुम्ही विचारलंत हे त्यांच्या लक्षात राहील.

असंच अडकलेले इतरही वाचक असतील. वडिलांना जीव की प्राण असलेलं नाट्यसंगीत ज्यांच्या कानाला आता लांबण वाटतं, किंवा मुलीच्या आवडीच्या रॅपला घरात गोंगाट म्हणून गेलेले आणि आता पस्तावणारे. त्यांनाही मी हेच सुचवेन: 'हे काही खास नाही' असं म्हणण्याआधी एका जागेवर बोट ठेवा, अमुक कडवं, अमुक वळण. नेमक्या तक्रारीला माणूस नेमकं उत्तर देतो, सरसकट निकालाला फक्त पाठ फिरवतो. ते ज्या साधनावर, ज्या क्रमाने ऐकतात तसंच एकदा ऐका. आणि मत द्यायच्या आधी विचारा, हे तुझ्याकडे आलं कसं?

पंधरा मिनिटांचं भाषण मी असं बांधलं असतं. कॅसेटपासून सुरुवात: कुणाकडून आणली, कुठे बसून ऐकली, तुम्हाला त्यातलं काय कळत होतं आणि काय नाही. बाबांचा उल्लेख करायचा की नाही, हे रविवारी दादांना विचारून ठरवा, त्यांच्या नकळत करू नका. मग माँट्रिऑलची रात्र, कारण पाहुण्यांतल्या अनेकांना ती माहीत नसेल. मग तुमचं म्हणणं, मोकळेपणाने: आम्हा दोघांचं यावर पटत नाही, मला दुसरी बाजू ढेपाळलेली वाटते, बायकांचं चित्र खटकतं, दादाला यातलं अमुक मान्य नाही. रविवारी दोघांत हे बोलून झालेलं असेल तर इथे ऐकताना दादांना धक्का बसणार नाही, उलट मधेच तोंड घालावंसं वाटेल. घालू द्या. त्यानंतर गिल्मोर-वॉटर्सचं भांडण आणि त्यातून निघालेला तो सोलो, आणि तिथे थांबून तिसरी बाजू पहिल्यापासून लावा. वीसच मिनिटं आहेत. 'व्हेरा' दीड मिनिटाचं आहे म्हणून कुणी ते गाळायला सांगेल, गाळू नका. तेवढा वेळ दादांच्या शेजारी जाऊन बसा. पानं त्यानंतर वाढायला सांगा.